दिलेली तारीख पाळा : सोलापूरच्या नाट्यगृहांचा आणि संग्रहालयांचा कारभार पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातली नाट्यगृहं, सभागृहं, स्मारकं आणि संग्रहालयं ज्यांच्या सहीने उघडतात आणि ज्यांच्या सहीने बंद राहतात, त्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात कुठल्याही कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव घेऊन तक्रार केलेली नाही. एका इमारतीचंच गाऱ्हाणं असतं तर तिथल्या टेबलासमोर उभं राहून मांडलं असतं. तसं मांडूनही झालं आहे. अर्ज दिले, पोच घेतली, चकरा मारल्या. आता लिहिते ते तुम्हाला उद्देशून असलं तरी शहराने वाचावं अशी माझी इच्छा आहे. नाटक बघणारे, मुलांना संग्रहालयात घेऊन जाणारे, थंडीत गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत, फिरणारे असे सगळेच यात येतात.

मागणी आधीच सांगते. कार्यक्रमाची तारीख एकदा दिली की ती पाळा, आणि हंगामातल्या सगळ्या तारखा हंगाम सुरू होण्याआधी लोकांना सांगा. पुढे लिहिलंय ते ही मागणी का करावी लागतेय त्याबद्दल.

मी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी हौशी नाटक करते. राहायला पूर्व भागात. घरात तेलुगू, वर्गात मराठी, शेजारणीशी कानडी मिसळलेलं, असं आमचं बोलणं. सोलापूरकरांना यात नवल वाटणार नाही. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आमच्या संस्थेत बँकेतला कारकून आहे, रिक्षावाला आहे, टॉवेलच्या कारखान्यातला कामगार आहे आणि विड्या वळणाऱ्या दोघीजणी आहेत. राज्य नाट्य स्पर्धा आली की आमच्याकडे सणासारखी गडबड असते. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेने गावोगावच्या नोकरदारांना, कामगारांना, मास्तरांना रंगमंचावर आणलं. आम्ही त्याच वाटेने आलो. स्पर्धेच्या आगेमागे दोन पैसे जमवून स्वतःचे प्रयोगही लावतो.

गेल्या हंगामात असाच एक प्रयोग लावला होता. भाडं भरलं होतं, अनामत भरली होती, पावती हातात होती. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र होतं. प्रयोगाला चार दिवस उरले असताना फोन आला. "मॅडम, त्या दिवशी हॉल मिळणार नाही, बैठक लागलीय." दुसरी तारीख कधीची, असं विचारलं तर "बघून सांगतो". पैसे परत हवे असतील तर पुन्हा वेगळा अर्ज करायचा. रद्द झाल्याचं लेखी पत्र मागितलं, ते अजून मिळालेलं नाही.

तुमच्या रजिस्टरमध्ये ही एक खोडलेली ओळ असेल. आमच्याकडे काय झालं ते ऐका.

आमच्या नाटकात आईचं काम करणारी बाई विडी कामगार आहे. सकाळी पान भिजवायचं, मापाचा पत्रा ठेवून कात्रीने कापायचं, सुपात तंबाखू घेऊन बसायचं आणि दुसऱ्या दिवशी माल घेऊन विडी कंपनीच्या ब्रँचला जायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते. तालमीचे दोन तास काढायचे तर ते रात्रीच्या झोपेतून काढावे लागतात. तालमीत संवाद म्हणताना तिची बोटं हलत असतात, पान दुमडल्यासारखी. दिग्दर्शक म्हणून मी ती हालचाल काढून टाकली नाही, भूमिकेत ठेवली. प्रयोगाच्या आदल्या आणि त्या दिवसाचं काम तिने आधीच सोडून दिलं होतं, नवऱ्याला आणि सासूला सांगून, घरात बोलणी खाऊन. प्रयोग रद्द झाल्याचं सांगायला मी तिच्या घरी गेले तेव्हा तिने विचारलं, "मग आता कधी?" मला उत्तर देता आलं नाही. कारखान्यातल्या मुलाने पाळी बदलून घेतली होती, ती पुन्हा बदलायला मालक तयार झाला नाही. टेम्पोवाल्याला आगाऊ दिलेले पैसे गेले. लाइटवाल्याने आमच्यासाठी दुसऱ्या गावचं काम नाकारलं होतं.

हौशी नाटकाला तारखेचाच आधार असतो. पैसा नसतो, जाहिरात नसते, नावाजलेला नट नसतो. पंधरा-वीस माणसं आपापलं पोट सांभाळून एका संध्याकाळी एका जागी जमू शकतात, एवढ्यावर सगळं उभं असतं. तीच संध्याकाळ काढून घेतलीत तर पुढची जुळायला कधीकधी अख्खा हंगाम जातो, कधी जुळतही नाही. त्या नाटकातला एक मुलगा आता नोकरीसाठी पुण्याला गेला. ते नाटक पुन्हा उभं करायचं तर नवा नट आणि पहिल्यापासून तालीम.

सोलापूरला तारीख पाळणं कुणी शिकवायला नको. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा येते. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक त्यांच्यासोबत चालतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर होमविधी होतो, मग शोभेचं दारूकाम आणि शेवटी सांगतेचा कप्पडकळीचा विधी. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले. त्यांच्या योगदंडाशी लग्न लावून घेणाऱ्या कुंभारकन्येची गोष्ट या शहरातल्या लहान मुलालाही माहीत असते. नाटक करणारी म्हणून सांगते, एवढ्या मोठ्या जागेत, एवढ्या माणसांना घेऊन, दिवसाला दिवस जोडून उभा राहणारा दुसरा प्रयोग मी पाहिलेला नाही. अक्षता कधी आहेत हे आम्हाला कुणाला फोन करून विचारावं लागत नाही. बाहेरगावी दिलेल्या लेकी त्या हिशोबाने रजा टाकतात, गड्ड्यावरचे पाळणेवाले आणि खेळण्यांचे दुकानदार त्या हिशोबाने गाव सोडून येतात.

हे पत्र लिहितेय तेव्हा श्रावण लागलाय. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाची तयारी आमच्या भागात सुरू आहे. संध्याकाळी गल्लीगल्लीतून हलगीचा आवाज येतो, गणपतीच्या मिरवणुकीसाठी लेझीमचा सराव चाललाय. पोरं कामावरून येतात, अंघोळ करून मैदानात उतरतात, रात्री उशिरापर्यंत डाव बसवतात. त्यांच्या मंडळांना तारीख माहीत असते म्हणून महिनाभर आधी सराव सुरू होतो. या शहरात ज्या कलेची तारीख पक्की आहे ती जोमात आहे. ज्या कलेची तारीख तुमच्या हातात आहे, ती रखडते.

हेच शहर हुतात्म्यांचं. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांच्या स्मृतीला नाट्यगृहाचं रूप द्यावं असं या शहराला वाटलं, याचा मला अभिमान आहे. पुतळे तर आपण उभारलेच, सोबत माणसांनी एकत्र बसून नाटक बघावं अशी जागाही बांधली. डॉ. जब्बार पटेल शाळकरी वयात इथेच नाटकात आले. प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरात त्यांना आसरा मिळाला आणि गाण्या-नाटकाचा कानही मिळाला. अतुल कुलकर्णी इथल्या हौशी रंगभूमीवरून पुढे गेले. ही नावं स्वागताच्या भाषणात हमखास येतात. अशी माणसं घडतात ती हौशी संस्थेच्या तालमीत, आणि तालीम टिकते ती पुढे ठरलेला प्रयोग असला तरच.

आता एकेक तक्रार मांडते.

पहिली, आणि सगळ्यात मोठी, वर लिहिलीच आहे : दिलेली तारीख काढून घेणं. यात आमचाच अनुभव वेगळा नाही. इतर संस्थांतल्या मित्रमैत्रिणींकडूनही हेच ऐकते. बैठक, सत्कार, शिबिर, कुणाचा तरी दौरा, काहीही आलं की नाटकाला बाजूला व्हायला सांगतात. शासकीय बैठका घ्यायला जागा लागते हे मी मान्य करते. रंगमंच, विंगा, रंगभूषेच्या खोल्या आणि वरची लाइटची पट्टी मात्र बैठकीला लागत नाही. बैठकीला खुर्च्या, माइक आणि पडदा लागतो, आणि तेवढं असलेली सभागृहं शहरात आहेत.

दुसरी, गर्दीचे तीन महिने. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. पावसाळ्यात पूर्व भागातले लोक मिरवणुकांच्या तयारीत. म्हणून नाटक, गाणं, प्रदर्शन, शाळांची स्नेहसंमेलनं, व्याख्यानमाला सगळं नोव्हेंबर ते जानेवारीत येऊन पडतं. त्यात स्पर्धेच्या तारखा, मग यात्रा. एकाच संध्याकाळी गाण्याची मैफल, एकांकिका आणि चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन असे तीन कार्यक्रम शहराच्या तीन टोकांना लागतात आणि तिन्हीकडे खुर्च्या रिकाम्या राहतात. पुढे पंधरा दिवस काहीच नसतं. सोलापुरात रसिक उरले नाहीत, असं मग आयोजक म्हणतात. रसिक आहेत हो. त्यांना आधी कळत नाही एवढंच. शेजारच्या गल्लीतल्या माणसाने "अरे, काल होतं का? सांगायचं तरी" असं किती वेळा म्हणावं?

तिसरी, दर. व्यावसायिक नाटक पुण्या-मुंबईहून येतं तेव्हा त्याचं तिकीट आमच्या कलाकाराच्या दिवसाच्या मजुरीएवढं असतं. ते यावं, जरूर यावं, आम्ही पैसे साठवून बघायला जातो. पण हौशी संस्थेला नेमकं किती भाडं, किती अनामत, वीज आणि साउंडचे वेगळे किती, हे भिंतीवर लिहिलेलं आम्हाला दिसलं नाही. विचारणाऱ्यागणिक आकडा बदलतो अशी शंका मनात राहते. ती खोटी असेल तर दरपत्रक लावून ती खोटी ठरवा.

चौथी तक्रार बायकांची. रंगभूषेच्या खोलीला आतून कडी हवी, स्वच्छतागृहात पाणी हवं, दिवा हवा. मुलींना नाटकात पाठवा म्हणून मी पालकांच्या पाया पडते, आणि मुलगी घरी जाऊन सांगते की कपडे बदलताना दार धरून मैत्रिणीला उभं राहावं लागलं. पुढच्या वर्षी ती मुलगी येत नाही. याला फार मोठा निधी लागत नाही. एक सुतार, एक प्लंबर आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बघणारा अधिकारी लागतो.

आगीबद्दल एकच सांगते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री कोल्हापूरचे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडत होते, आम्ही इथे मोबाइलवर ते बघत होतो. आपल्या नाट्यगृहांतल्या वायरिंगची, पडद्यांची, बाहेर पडायच्या दारांची शेवटची तपासणी कधी झाली तो दिनांक दर्शनी भागात लावा.

आता संग्रहालयं. इथे मी शिक्षिका म्हणून बोलते.

मुलांना घेऊन मी भुईकोट किल्ल्यात जाते. केगावच्या विज्ञान केंद्रात जाते. भैय्या चौकाजवळच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरी जाते, ते घर स्मारक म्हणून जपलं ही या शहराने केलेली फार चांगली गोष्ट आहे. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेला एक डॉक्टर चीनसारख्या परक्या देशातल्या जखमी सैनिकांसाठी जातो आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच मरतो, हे पुस्तकातून सांगितलं तर मुलं जांभया देतात. त्यांच्याच घरात उभं राहून सांगितलं तर प्रश्न विचारतात. "मॅडम, त्यांच्या आईला कधी कळलं?" हा प्रश्न सातवीतल्या एका मुलीचा होता. मुलं जागेवर गेली की असे प्रश्न येतात, म्हणून मी त्यांना घेऊन हिंडते.

पण एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) आधी फोन करून, उघडं आहे अशी खात्री करून आम्ही रिक्षांनी मुलांना नेलं, तर दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांना दुसऱ्या कामावर पाठवलेलं. त्या माणसाचा दोष नाही, साहेबांनी पाठवलं, तो गेला. मुलांनी बाहेर पायरीवर बसून डबे खाल्ले आणि आम्ही परत आलो. त्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरून पुन्हा रिक्षाचे पैसे मिळाले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी बंद, सणाला बंद, संध्याकाळी बंद. मग कामगारांनी मुलाबाळांना घेऊन जायचं कधी? यात्रेच्या दिवसांत लाखो माणसं या शहरात येतात, अर्धा कर्नाटक इथे असतो म्हटलं तरी चालेल. ती माणसं दर्शन घेतात, गड्ड्यावर भजी खातात, पाळण्यात बसतात. त्यांच्यासाठी त्या दिवसांत संग्रहालयं आणि स्मारकं रात्री नऊपर्यंत उघडी ठेवली आणि माहिती मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही लावली, तर तुमच्या वर्षभराच्या भेटवहीत भरणार नाहीत इतक्या सह्या त्या चार दिवसांत भरतील. १२ जानेवारी हा हुतात्म्यांचा दिवस यात्रेला अगदी लागून येतो. त्या दिवशी सकाळी पुष्पहार घालून दुपारी विसरून जाण्याऐवजी होम मैदानाजवळच चार हुतात्म्यांचं छोटं प्रदर्शन आणि एखादा पोवाडा ठेवा. शाहीर राम जोशींचं हे गाव आहे आणि अमर शेख बार्शीचे. पोवाडा म्हणणारी मुलं आमच्या शाळांत आजही आहेत.

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. त्या दिवशी इथे ऊन मी म्हणत असतं आणि शाळांना सुट्टी असते, त्यामुळे तो फलकावरच उरकतो. त्याऐवजी १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह सोलापूरचा संग्रहालय सप्ताह धरा. शाळा भरलेल्या असतात, हवा चांगली असते, आणि नाट्य हंगामही तेव्हाच सुरू असतो. सकाळी मुलं प्रदर्शनाला, संध्याकाळी बालनाट्याला, असं जोडता येईल.

दाखवायला काय आहे, असं एका बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं. ते मला फार लागलं. शहरापासून तासाभराच्या अंतरावर भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथे शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी एक. हा लेख वाचणारा विजयी होवो, असा आशीर्वाद त्याच्या शेवटी आहे. तो लेख प्रकाशात आणणारे आनंद कुंभार सोलापूरचे. नोकरी सांभाळून, पदरमोड करून, जिल्हाभर हिंडून त्यांनी शिलालेख वाचले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, शहरात पेढे वाटले गेले, भाषणं झाली. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी जिल्ह्यातल्या शिलालेखांचे ठसे आणि छायाचित्रं मांडून, वाचून दाखवणाऱ्या अभ्यासकाला बोलावून एक प्रदर्शन दरवर्षी भरवा. माझ्या वर्गातली मुलं चालत येतील.

आणि माग. १८७७ साली इथे पहिली मोठी कापडगिरणी निघाली, जुनी मिल म्हणून आपण ती ओळखतो. मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. गिरण्यांचे भोंगे गेले. यंत्रमाग चालू आहेत, पण त्यातलेही जुने रोज मोडीत निघताहेत. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, मात्र चादरीवरची नक्षी कापडात कशी उतरते हे आज सोलापूरच्याच मुलाला माहीत नाही. वडिलांच्या कारखान्यात जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी काढणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबच लांब माळ फिरायची. प्रत्येक कार्डावरची भोकं वेगळी. एका ओळीत कुठला धागा वर उचलायचा ते त्या भोकांवर ठरायचं. ती कार्डं पाडणारा कारागीर वेगळा असायचा, कागदावरचं चौकड्यांचं चित्र बघून तो एकेक भोक पाडायचा. वडील गेल्यावर आम्ही एक माळ घरी आणून ठेवली, वरून खाली सोडली तर माडीवरून अंगणात पोहोचते. मुलांना ती दाखवली की त्यांना पहिल्यांदा कळतं की चादरीवरचा मोर असाच येत नाही, कुणीतरी तो ओळ-ओळ करून मांडलेला असतो. या माळा आज रद्दीच्या भावाने जाताहेत. त्या गोळा करायला, एक चालू माग मांडायला आणि जुन्या कामगारांकडून त्यांच्याच तोंडून माहिती नोंदवून घ्यायला फार वर्षं हातात नाहीत. मागावर बसलेली, गिरणीत खपलेली पिढी थकली आहे. ही माणसं आहेत तोवर त्यांना बोलवा. दर रविवारी एक कामगार येऊन मुलांना माग चालवून दाखवेल, याचं त्याला मानधन द्या. आमच्या गल्लीतच असे कितीतरी सापडतील.

शहर पसरलंय हेही ध्यानात घ्या. कुंभारीला विडी कामगारांची घरकुलं झाली, तिथेच रे नगरमध्ये हजारो कुटुंबं राहायला गेली. रात्री साडेनऊला सुरू होणारं नाटक बघून तिथल्या बाईने परत कसं जायचं? हंगामात काही प्रयोग संध्याकाळी सहाला ठेवा, काही प्रयोग तिकडेच, मोकळ्या मैदानात करायला आम्हाला परवानगी आणि विजेची जोडणी द्या. आम्ही सेट कमी करू, तिकीट ठेवणार नाही.

पैसे कुठून आणायचे, हे तुम्ही विचाराल आणि ते विचारणं रास्त आहे. सभागृह लग्नाला, सभेला, प्रदर्शन-विक्रीला दिलं की उत्पन्न येतं, नाटकाला दिलं की तोटा दिसतो. म्हणून सगळे दिवस आम्हालाच द्या असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत शुक्रवार, शनिवार आणि रविवार कलेसाठी राखून ठेवा. सोमवार ते गुरुवार तुमच्या बैठका, सत्कार, मेळावे. मार्च ते ऑक्टोबर तर बराच काळ मोकळाच असतो.

तर मागण्या अशा.

दरवर्षी गणपती बसायच्या आधी पुढच्या मार्चपर्यंतचं एकच सांस्कृतिक वेळापत्रक काढा. त्यात शहरातली सगळी नाट्यगृहं, सभागृहं, स्मारकं, संग्रहालयं, वाचनालयं असावीत. ते मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत छापून बसस्थानकावर, रेल्वे स्टेशनवर, शाळांत, विडीच्या ब्रँचवर आणि कारखान्यांच्या दारात लावा.

पावती दिलेली तारीख रद्द करायची वेळ आलीच, तर किमान एकवीस दिवस आधी लेखी कळवा, त्याच पत्रात दुसरी तारीख द्या, आणि संस्थेचा झालेला खर्च भरून द्या. पूर, साथ, निवडणूक अशी कारणं वेगळी, ती आम्ही समजून घेऊ.

हौशी आणि बालनाट्य संस्थांसाठी वेगळा, कमी आणि जाहीर दर ठेवा. तालमीसाठी महापालिकेच्या आणि संस्थांच्या शाळांतले हॉल संध्याकाळी सात ते दहा नाममात्र भाड्याने मिळावेत.

संग्रहालयं आणि स्मारकं रविवारी उघडी, आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी उघडी आणि यात्रेच्या काळात रोज रात्रीपर्यंत उघडी ठेवा. सुट्टी हवी तर सोमवारी घ्या. शाळेने आधी कळवून भेट ठरवली असेल तर किल्ली असलेला माणूस त्या दिवशी दुसरीकडे पाठवू नका.

या सगळ्यावर देखरेख ठेवायला एक समिती करा, तीत कलावंतांचे, शिक्षकांचे आणि पडद्यामागच्या कामगारांचे प्रतिनिधी घ्या. नुसते मान्यवर नकोत. पडदा ओढणारा, लाइट चढवणारा माणूस त्या समितीत असेल तर कुठली दोरी कुजली आहे ते तो पहिल्याच बैठकीत सांगेल. तुमच्या नाट्यगृहांतल्या या कर्मचाऱ्यांनी आम्हाला कायम सांभाळून घेतलं आहे. अडचणीच्या वेळी स्वतःच्या खिशातून फ्यूज आणून बसवणारी माणसं आहेत ती. त्यांच्याविरुद्ध या पत्रात एक शब्दही नाही, आणि हे पत्र वाचून त्यांनाच कुणी रागावू नये, ही माझी कळकळीची विनंती.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला प्रयोग केला. यंदाच्या ५ नोव्हेंबरला तुम्ही नटराजाचं पूजन कराल, आम्हालाही बोलवाल, आम्ही येऊ. त्याच्या आधी या वर्षीचं वेळापत्रक लागलेलं असावं. वेळापत्रक करायला माणसं हवी असतील तर आमच्या संस्थेतले तिघे-चौघे संध्याकाळी येऊन बसायला तयार आहेत, इतर संस्थांतूनही येतील. सगळ्या संस्थांच्या हव्या त्या तारखा गोळा करून, टक्कर होते तिथे आपसात बोलून, कच्चा आराखडा आम्ही तुमच्या टेबलावर आणून देऊ. त्यावर सही करून तो पाळण्याचं काम तुमचं.

आमच्या रद्द झालेल्या प्रयोगाचा अर्ज, भाड्याच्या पावतीची प्रत आणि नव्या तारखेची मागणी तुमच्या आवक नोंदीत आहे. डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार चालेल. विड्या वळणाऱ्या आमच्या दोघींना निदान महिनाभर आधी कळायला हवं, म्हणून उत्तर लेखी आणि लवकर द्यावं.

आपली नम्र,
पूर्व भागातली एक शिक्षिका आणि हौशी नाट्यकर्मी
सोलापूर